मुलांचे खेळणे आणि जागेच्या धन्याची जबाबदारी

मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या बागेत दूरदूरच्या शाळांच्या सहली येतात. फाटकातून आत शिरताच शिक्षकाला वृक्षांची नावे दिसतात. मुलाला मात्र झाडावरचे रंगीत फळ आणि चढण्याजोगा कठडा दिसतो. अशा ठिकाणी, किंवा कोणाच्या अंगणात, मुलाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रत्येक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या बागेत एका सात वर्षांच्या मुलाने विषारी झुडपाची फळे खाल्ली व तो दगावला. फळे चेरीसारखी मोहक दिसत होती. त्यांभोवती पुरेसे कुंपण नव्हते व धोक्याची सूचनाही नव्हती, अशी पित्याची तक्रार होती. नगरपालिकेविरुद्धचा त्याचा दावा चालण्यास योग्य आहे, असा निर्णय ब्रिटनच्या उमराव सभेने १९२१ साली दिला. मुलांना खेचून घेणारी धोक्याची वस्तू उघड्यावर ठेवणे म्हणजे त्यांना जणू आमंत्रणच देणे होय, हे या निर्णयाचे सार आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली झालेल्या कायद्यानेही, मुले प्रौढांपेक्षा कमी सावध असतात हे जागेच्या ताबेदाराने गृहीत धरावे, असे सांगितले.

भारतात या विषयावर असा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये निष्काळजीपणाची सर्वसाधारण तत्त्वेच लावतात. जागा कोणाच्या ताब्यात होती, धोका आधी ओळखता आला असता काय, आणि वाजवी काळजी घेतली होती काय, हे तीन प्रश्न मुख्य असतात. अंगणात उड्या मारण्याची ताणलेली जाळी, म्हणजे ट्रॅम्पोलिन, मांडणाऱ्या घरधन्याला हेच लागू पडते. त्यावर अनेक मुले एकदम उड्या मारू लागली की ती परस्परांवर आदळतात व थोराड मुलाच्या उडीने लहानगे दूर फेकले जाते. हा धोका ओळखता येण्याजोगा असल्यामुळे, ‘मूल आपणहून चढले’ एवढे उत्तर पुरेसे होत नाही. अज्ञान मुलाला पालकामार्फत भरपाईचा दावा करता येतो.

परवानगीवाचून आत आलेल्याचे काय? बिहारमधील एका घरधन्याने शेजाऱ्यांनी आपला शौचकूप वापरू नये म्हणून तेथे विजेची उघडी तार लावली. तिच्या स्पर्शाने एक स्त्री मरण पावली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याची शिक्षा कायम केली. आगंतुकाच्या जिवावर बेतेल असा सापळा लावण्याचा अधिकार मालकीने मिळत नाही. शेताच्या कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सार्वजनिक जागाही यातून सुटत नाहीत. मार्च २०२४ मध्ये मुंबईतच, वडाळ्याच्या एका उद्यानात, पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान भाऊ दगावले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची आपणहून दखल घेतली.

शिक्षकाची जबाबदारी याहून निकटची आहे. १९९५ साली बियास नदीकाठी सहलीस नेलेले एका शाळेचे १४ विद्यार्थी बुडाले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली व शिक्षकांच्या हयगयीबद्दल शाळेच्या व्यवस्थापनास जबाबदार धरले. पालकांची संमतीची सही घेतल्याने दक्षतेचे कर्तव्य संपत नाही.

म्हणून शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. शाळेच्या आवारातील विहीर, टाकी, खड्डा, सैल झोपाळा व लोंबती तार यांची दर आठवड्यास पाहणी करावी. दोष आढळल्यास वरिष्ठांना लेखी कळवून प्रत ठेवावी व दुरुस्ती होईतो ती जागा बंद करावी.

२. केवळ फलकावर विसंबू नये. पहिलीतल्या मुलाला तो वाचता येत नाही. त्याला कुंपण व झाकणच अडवू शकते.

३. सहलीच्या स्थळी पाणी, उंच जागा व अनोळखी फळे यांची माहिती आधी घ्यावी. मुलांचे गट पाडून प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस नेमावे.

४. उड्यांच्या जाळीवर एका वेळी एकच मूल सोडावे.

मुलाने खेळावे, हा त्याचा धर्मच आहे. धोका आधी पाहणे हे मोठ्यांचे काम होय.