मागावर उमललेलं कमळ

येवल्यात अनेक घरांत पैठणीचा माग असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पावडी दाबतो आणि ताणा, म्हणजे उभे धागे, दुभंगतो. पुढचं काम बोटांचं. पदराच्या रुंदीभर गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रेशमाच्या तिल्ल्या ओळीने मांडलेल्या असतात. ताण्याचे ठरलेलेच धागे मोजून तो गुलाबी तिल्ली तेवढ्यातून काढतो. पाकळीची कड आली की तिचा धागा शेजारच्या जरीत अडकवतो आणि माघारी वळवतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळे रंग असे भरले की हात्या ठोकायचा. कमळ केसभर वर सरकतं.

डोळे अगदी जवळ नेले की दिसतं, पाकळीला गोलाई नाहीच. बारीक पायऱ्या आहेत. उभा-आडवा धागा वळण घेत नाही, म्हणून विणकर दर ओळीला एखादा धागा सोडत किंवा धरत जातो. अजिंठ्याच्या लेण्यांत छतावर कमळं रंगवणाऱ्याचा कुंचला मोकळा होता. मागावर मात्र फुलाला मोजणीत बसावं लागतं. देठाची लवचीकता, पानावरच्या शिरा गळतात; मधला गाभा आणि दोन्ही बाजूंना सारख्या पाकळ्या उरतात. हे कुठल्या तळ्यातलं फूल राहत नाही. चिखलातून वर येऊनही न माखणारं, लक्ष्मीचं आणि बुद्धाचं आसन झालेलं कमळ आपण त्यात लगेच ओळखतो. काठावरच्या असावलीचंही तसंच. फूल, पान, पुन्हा फूल अशी ती वेल साडीभर कुठेही न तुटता चालते. लग्नातल्या वस्त्राला याहून चांगला आशीर्वाद कोणता?

पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाजारात जॅकार्ड यंत्राने विणलेल्या पैठण्या भरपूर आहेत. पदर उलटा करून पाहावा. जॅकार्डच्या फुलामागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात, कारण तिथे फूल मूळ विणीवर जादा धाग्याने भरलेलं असतं. हातमागाच्या पदरावर फूल पाठपोट जवळपास सारखंच दिसतं. त्याच्याखाली वेगळं कापड नसतंच. फुलाचा धागा काढला तर तिथे नुसता ताणा उरेल. पैठणीतलं फूल मला म्हणूनच शोभेचं वाटत नाही. ते वस्त्राला धरून ठेवतं, आणि विणकराच्या महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीचं मोल आपण द्यायचं ते यासाठी.