ओसाड वास्तूचा पत्ता

माणसं सोडून गेलेल्या जागेसाठी मराठीत किती शब्द आहेत पहा. ओसाड, उजाड, पडीक, पडकी, बंद, बेवारस. ऐकायला सारखे वाटले तरी प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ओसाड म्हणजे राहणारे निघून गेलेली. पडकी म्हणजे भिंतींनी धीर सोडलेली. बंद म्हणजे कुलूप लावलेली. आणि कुलूप आहे म्हणजे किल्ली कुणाच्या तरी कमरेला आहेच. बेवारस हा शब्द फारसीतला 'बे' आणि अरबीतला 'वारिस' यांच्या सोयरिकीतून आला. ज्या छंदाविषयी आज बोलायचं आहे, त्यातला निम्मा गोंधळ या शब्दांच्या घोळातून होतो. ओसाड दिसणारी वास्तू आपण बेवारस समजून चालतो. बेवारस ती जवळजवळ कधीच नसते.

छंद असा, की शहरातल्या, गावातल्या सोडून दिलेल्या वास्तू हुडकायच्या, आत जाऊन बघायचं, फोटो काढायचे आणि आल्या वाटेनं परत यायचं. परदेशात याला 'अर्बन एक्सप्लोरेशन' म्हणतात. कॅनडातल्या टोरांटो शहरात जेफ चॅपमन नावाच्या तरुणानं १९९६ साली 'इन्फिल्ट्रेशन' हे छोटेखानी नियतकालिक काढलं आणि या वेडाला काही रूप आलं. बिचारा २००५ साली ऐन तिशीत वारला. पण वेड त्याच्याहून पुष्कळ जुनं आहे. पॅरिसमधल्या व्हाल-द-ग्रास रुग्णालयाचा द्वारपाल फिलिबेर आस्पेर १७९३ साली शहराखालच्या दगडखाणींच्या भुयारांत उतरला, तो परत आलाच नाही. अकरा वर्षांनी, १८०४ साली, त्याचे अवशेष सापडले. कमरेच्या किल्ल्यांवरून ओळख पटली, असं सांगतात. या छंदाचे लोक आजही त्याला आपला पूर्वज मानतात. पूर्वज मानताना त्याचं काय झालं ते लक्षात ठेवलेलं बरं.

आता अशा जागा सापडतात कशा? रस्तोरस्ती हिंडून सापडतात त्या थोड्या. खरी युक्ती वेगळी आहे. इमारत शोधायची नाही, कारण शोधायचं. माणसं कुठून, केव्हा आणि का निघून गेली हे कळलं, की इमारतीचा पत्ता आपसूक हाती येतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत आणि त्यांतली कित्येक नंतर कधीच गेली नाहीत. लालबाग, परळ, भायखळा, महालक्ष्मी या पट्ट्यातल्या गिरण्या एकामागून एक थंड पडत गेल्या. पुढे त्यांच्या जमिनीवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या गर्दीत अजून उभं आहे. ज्या जमिनींचे दावे मिटले नाहीत, तिथे मात्र भिंती वर्षानुवर्षं तशाच राहिल्या आणि त्यांवर पिंपळ वाढला. म्हणजे शोध घ्यायचा तो गिरणीचा नव्हे, संपाचा आणि त्यानंतरच्या कोर्टकज्ज्यांचा.

विदर्भात कारण कापसाचं आणि रेल्वेचं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची 'शकुंतला' कापूस वाहायला सुरू झाली. आता ती धावत नाही. वाटेवरची छोटी स्थानकं मागे राहिली. कुर्डुवाडी-बार्शी ही बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि पुढे एका अंगाला लातूर, दुसऱ्या अंगाला मिरजेपर्यंत पोचली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे रूळ रुंद झाले, तेव्हा मार्ग काही ठिकाणी बदलला. जुन्या नकाशावर स्टेशन आहे आणि नव्यावर नाही, अशी जागा दिसली की तिथे काहीतरी उभं असण्याचा संभव असतो. तालुक्याच्या गावी जाल तर सर्वांत सोपी खूण म्हणजे एकपडदा टॉकीज. तिकीटखिडकीच्या जाळीला कोळिष्टकं आणि वरती दराची पाटी तशीच: बाल्कनी, अप्पर स्टॉल, लोअर स्टॉल.

दुसरा मार्ग आकाशातून. उपग्रहावरून घेतलेली छायाचित्रं आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. त्यांत काय पाहायचं ते ठाऊक हवं. कापडगिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेला आणि तिला काचा. उत्तरेचा प्रकाश दिवसभर मऊ आणि सारखा राहतो. ऊन थेट आत येत नाही, धाग्यावर तिरीप पडत नाही. जवळ चौकोनी तळं असेल तर ते बहुधा वाफेच्या इंजिनासाठी लागणाऱ्या पाण्याचं. दाते आहेत, तळं आहे, पण आवारात ट्रक नाही आणि छपरातून झाड वर आलंय, तर गिरणी थंड आहे. त्याच जागेची दहा वर्षांपूर्वीची छायाचित्रंही मिळतात. दोन्ही शेजारी ठेवली की झाड किती वाढलं ते कळतं, आणि झाडाच्या वयावरून वास्तू केव्हापासून एकटी आहे त्याचा अंदाज येतो.

तिसरा मार्ग कागदांचा. तो रुक्ष आहे म्हणून तरुण मंडळी टाळतात. वर्तमानपत्रातल्या 'जाहीर नोटीस' या बारीक टायपातल्या जाहिराती वाचाव्यात. बँकेनं ताब्यात घेतलेली मिळकत, अवसायनात निघालेला कारखाना, वारसांची भांडणं, सगळं तिथे चौकटीत छापलेलं असतं. जुनी गॅझेटियर वाचावीत. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. गावाकडे असेल तर सातबारा. मुंबईत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करतं. ही यादी म्हणजे छंदिष्टांना आयताच पत्त्यांचा खजिना वाटतो. पण ती वाचताना ध्यानात घ्या, की त्यातल्या कित्येक इमारतींत माणसं राहत असतात. जाणार कुठे? बाहेरून जी जागा आपल्याला थरारक दिसते, तिच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी डाळीला फोडणी देत असतं.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन घ्या. मूळची ती वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं मुंबईला आणला आणि इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. पुढे हॉटेल गेलं, खोल्यांचे पोटमाळे आणि कार्यालयं झाली, आणि २०१९ साली धोकादायक म्हणून ती रिकामी करण्यात आली. ही इमारत कुणी 'सोडून दिली' असं म्हणता येईल का? ती रिकामी करवली गेली. कुलाब्याच्या समुद्रालगतची मुकेश मिल १९८०च्या दशकात बंद पडली, पण सिनेमावाल्यांना तिच्या काळवंडलेल्या भिंती आवडल्या. १९९१च्या 'हम' चित्रपटातलं गाजलेलं गाणं तिथलंच. म्हणजे पडक्या भिंतींनाही दिवसाचं भाडं होतं.

वास्तूचं वय काढायचं असेल तर दरवाज्यावरचा दगड वाचायला शिकावं. शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८०० म्हणजे इसवी १८७८. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे तिथे नुसती बेरीज चालत नाही. हिजरी १३०० म्हणजे १८८२-८३. आणि जुन्या वाड्या-हवेल्यांवर कधीकधी आकडा नसतोच, फारसीत एखादी ओळ असते. हा आमच्या कवीलोकांचा जुना धंदा. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन अशी प्रत्येक अक्षराला किंमत. ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली की बांधकामाचं साल निघतं. याला 'तारीख काढणं' म्हणतात. कविता जमली नाही तरी चालेल, पण बेरीज चुकली तर मालक पैसे देणार नाही, असा रोकडा व्यवहार.

चौथा मार्ग माणसांचा, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा. समोरचा चहावाला, पोस्टमन, पानपट्टीवाला. ते सांगतात ते कागदावर नसतं. मराठवाड्यातल्या एका बंद सूतगिरणीत रीतसर परवानगी काढून आम्ही दोघं-तिघं गेलो होतो. यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली. मला लांबच लांब रिकामी लादी तेवढी दिसत होती. रखवालदार त्याच गिरणीतला जुना कामगार. तो म्हणाला, "साहेब, वर काय बघता? खाली बघा." लादीत ओळीनं कापलेले बोल्ट होते. दोन ओळींमधली वाट झिजून गुळगुळीत झालेली. धागा तुटला की सांधायला माणूस त्या वाटेनं पाळीभर येरझाऱ्या घालायचा. तिसऱ्या ओळीशी थांबून तो म्हणाला, "ही माझी साइड." पुढे गेल्यावर भिंतीवर तेलाच्या हातांचे ठसे दाखवले आणि कुणाकुणाचे ते नावांनिशी सांगितले. त्याच्याशिवाय गेलो असतो तर चांगले फोटो मिळाले असते आणि कळलं काहीच नसतं.

फोटोंविषयी एक बोलूनच टाकतो. पडक्या खोलीत मधोमध एक मोडकी बाहुली आणि तिच्यावर उन्हाची तिरीप, असे फोटो आता फार झाले. ती बाहुली बहुतेक वेळा फोटोवाल्यानंच आणून ठेवलेली असते. असो.

आता धोका. लाकडी तक्तपोशी वरून शाबूत दिसते आणि खालून वाळवीनं पोखरलेली असते. पाय ठेवायचा तर तुळईच्या रेषेवर, दोन तुळयांच्या मध्ये नाही. जुन्या छपरांचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कबुतरांच्या विष्ठेनं श्वसनाचे गंभीर आजार होतात. बंद तळघरात आणि टाक्यांत हवा विषारी असू शकते; तिथे उतरूच नये. झाकण गेलेल्या विहिरी गवतात लपलेल्या असतात.

पण सर्वांत मोठा धोका भिंतींचा नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलच्या आवारात, कामासाठी छायाचित्रं घ्यायला गेलेल्या तरुण छायाचित्र-पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. बरोबर तिचा सहकारी होता. भर शहरात, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. मुलींनी अशा जागी जाऊ नये, असा उपदेश मी करणार नाही. ती तिचं काम करत होती. गुन्हा करणारे दुसरे होते आणि त्यांना शिक्षा झाली. पण त्या जागेची राखण वर्षानुवर्षं कुणी केली नव्हती, आणि जिची राखण कुणी करत नाही ती जागा रिकामी राहत नाही, एवढं जाणाऱ्यानं आधी समजून घ्यावं. रखवालदार असलेली वास्तू छंदिष्टांना अडचण वाटते. मला तीच सुरक्षित वाटते.

कायदाही स्पष्ट आहे. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ हे फौजदारी स्वरूपाच्या अतिक्रमणाचं आणि गृह-अतिक्रमणाचं आहे. रेल्वेची जागा बंद असली तरी रेल्वेचीच. तिथे रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं. 'दार उघडंच होतं' हे उत्तर पोलीस चौकीत टिकत नाही. त्याऐवजी मालकाला, अवसायकाला किंवा संबंधित खात्याला साधा अर्ज करावा: आम्ही इतके जण, अमुक दिवशी, अमुक तासांत येऊ, काहीही हलवणार नाही. दहातले सात अर्ज वाया जातात, हे खरं. उरलेल्या तीन ठिकाणी मात्र दार उघडून देणारा माणूस बरोबर फिरतो आणि बोलतो.

पत्ता सगळीकडे सांगत सुटू नये, असा परदेशातल्या जाणत्या मंडळींचा रिवाज आहे. पत्ता फुटला की मागोमाग लोखंड, तांबं आणि सागवान उचलणारे येतात. रिवाज रास्त आहे. पण वास्तू पाडली गेली आणि आपले फोटो आपल्याच संगणकात राहिले, तर त्या लपवण्याचा उपयोग काय? तारीख, जागा, मालकाचं नाव आणि भेटलेल्या माणसानं सांगितलेल्या गोष्टी असं टिपण करून त्याची एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्यावी.

जायचं तर दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. पावसात ओल्या भिंती ढासळतात, श्रावण-भाद्रपदात गवत कमरेएवढं असतं. सकाळी लवकर जावं, दोघांहून कमी जाऊ नये, घरी परतायची वेळ सांगून निघावं. जाड तळव्यांचे बूट, तोंडाला चांगला मास्क, दोन बॅटऱ्या. आणि फोटो धुऊन आले की एक प्रत दार उघडून देणाऱ्याला नेऊन द्यावी. त्याच्याकडे त्या जागेतला स्वतःचा एकही फोटो बहुधा नसतो.