राग, पाहुणा आणि ओले बोंबील

आमच्या कळंबच्या वाडीत भांडण बहुतेक पाण्यावरून होई. विहीर सामाईक, पाळी ठरलेली, आणि केळींना पाणी मात्र सगळ्यांना एकाच वेळी हवं. एकदा काकांनी आमच्या पाळीचं पाणी सरळ आपल्या वाफ्यात वळवलं. बाबा त्यांना काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. कारण काय, तर पाटी फुटली. ती फुटून आठवडा झाला होता. आजी पडवीत सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वड्याचं तेल वांग्यावर!" बाबा उठले आणि सुरूच्या बनातून समुद्राकडे चालते झाले.

पुढे बी.एड.ला मानसशास्त्राच्या पुस्तकात 'विस्थापन' हा शब्द भेटला. राग एकावरचा, निघतो दुसऱ्यावर, तोही सहसा दुबळ्यावर. शब्द अचूक, पण तो ऐकून बाबा उठले नसते. 'पोरावर राग काढतोस' असं आजीने तोंडावर म्हटलं असतं, तर मायलेकांतच जुंपली असती. म्हण तिची नव्हती, कुणाचीच नव्हती. मग बाबा उलट उत्तर देणार कुणाला?

घानातल्या अकान लोकांतही म्हणींना मोठा मान. क्रिस्टालर या जर्मन मिशनऱ्याने त्यांच्या त्वी भाषेतल्या 3600 म्हणी गोळा करून 1879 साली छापल्या. (आपल्या म्हणींचा मॅनवेअरिंगचा इंग्रजी संग्रह 1899चा. आपल्या दाते-कर्व्यांचा कोश त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.) भावना कधी दाखवायच्या, कधी आवरायच्या, याबद्दल अकान म्हणी काय सांगतात ते व्हिव्हियन झोकोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली अभ्यासून मांडलं. मला मात्र त्या भाषेतला एक शब्दच जास्त आवडला. त्वीत राग येणं म्हणजे छातीत तण माजणं. वाडीतल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. पहिल्या पावसानंतर केळीच्या बुंध्याशी उगवलेलं तण त्याच आठवड्यात चिमटीने उपटता येतं. श्रावणापर्यंत राहू दिलं, तर कुदळ लागते.

आपला राग नाकावर बसतो, भीतीचा गोळा पोटात येतो, शब्द काळजाला लागतो. भीतीला तर आपण पाठलाग करणारा सोबती दिलाय: भित्यापाठी ब्रह्मराक्षस. होडी यायला उशीर झाला की किनाऱ्यावरच्या बाया जे करतात, त्याला 'मन चिंती ते वैरी न चिंती' यापेक्षा नेमकं नाव मला सापडलेलं नाही. आणि आजारातून उठणाऱ्याला धीर द्यायचा, तर दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं, मुंगीच्या पावलांनी जातं. घाई करू नकोस, एवढंच त्यात आहे. 'लवकर बरा हो' नाही.

सगळ्याच म्हणी शहाण्या असतात असं नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही मी मुलीला सांगणं सोडून दिलं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी जे गिळलं, त्यावर हेच झाकण होतं. त्याच गिळण्याला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' म्हणणारीही आपलीच भाषा, हे खरं. पण पहिली म्हण सांगायला घरात दहा माणसं असायची आणि दुसरी बाई स्वतःशीच पुटपुटायची.

परवा वहिनी अंगणात अर्नाळ्याहून आणलेले बोंबील दोरीवर घालत होती. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगायची. हद्दीच्या नारळावरून शेजाऱ्यांशी सकाळीच वाजलं होतं, त्यामुळे हात जरा जोरात चालत होते. मी तिला अकानांची म्हण सांगितली: राग पाहुण्यासारखा, तो एकाच घरी राहत नाही.

"पाहुणा?" ती म्हणाली. "मग त्याला जेवायला कशाला वाढायचं, भावजी? आणि नुसते बसलायत काय, ती दुसरी टोपली इकडे द्या."