आजार एकाचा, उपचार घराचा

आमच्या कात्रपच्या घरात आजारी माणूस एकच आहे, असं आम्ही बारा वर्षं धरून चाललो होतो. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया. गोळ्या त्याच्या, केसपेपर त्याच्या नावाचा, डॉक्टरांसमोरची खुर्चीही त्याचीच. मी थोरला. बदलापूर लोकलने त्याला ठाण्याला न्यायचं आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचं, एवढं माझं काम. गोळ्या नेमाने चालू असूनही आजार दोनदा उलटला. दुसऱ्या वेळी तिथल्या समुपदेशिका म्हणाल्या, "पुढच्या खेपेला आईंना घेऊन या. आणि तुम्हीही आत बसा." मला राग आला. आजारी काय आम्ही होतो?

त्या रागातून मी वाचायला लागलो. मानसिक आजाराचा उपचार एकट्या रुग्णापुरता न ठेवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. समूहोपचारात एकाच प्रकारच्या दुखण्याची, पण एकमेकांना अनोळखी असलेली माणसं तज्ज्ञाच्या उपस्थितीत नियमित भेटतात. कुटुंबोपचारात उलट असतं. तिथे एकमेकांना पुरती ओळखणारी, किंवा तसं समजणारी, माणसं एकत्र बसतात.

समूहोपचाराची सुरुवात क्षयरोगापासून झाली, हे वाचून मला नवल वाटलं. १९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी आरोग्यधाम न परवडणाऱ्या क्षयरुग्णांचे साप्ताहिक वर्ग सुरू केले. हेतू होता विश्रांती, आहार, स्वच्छता शिकवण्याचा. पण आपल्यासारखेच दहा-पंधरा जण शेजारी बसलेले पाहूनच रुग्णांना धीर येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे १९७० साली आयर्विन यालोम यांनी समूहोपचारावरच्या ग्रंथात तो कशामुळे गुण देतो याची कारणं मांडली. 'हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही' ही जाणीव त्यांतलं एक. दुसरं मला अधिक मोलाचं वाटतं. एरवी फक्त मदत घेणारा माणूस गटात दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसांचे गट आहेतच, शिवाय त्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. दारू नवरा पितो, पण बायकोचंही सगळं जगणं त्या बाटलीभोवती फिरू लागतं, ही समज त्यामागे आहे.

कुटुंबोपचाराची वाट मात्र काटेरी होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही पाश्चात्त्य तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं खापर थेट आईवर फोडलं. ते मत आज टाकून दिलेलं आहे. घरामुळे हा आजार होत नाही. मग घराचा संबंध कुठे येतो?

याचं उत्तर लंडनमध्ये मिळालं. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं, की इस्पितळातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्या पुरुषांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले बरे टिकतात. मग संशोधकांनी नातेवाइकांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आणि चक्क टोमणे मोजले. शब्दांबरोबर आवाजाचा सूरही धरला. उघड वैर आणि रुग्णाला श्वास घेऊ न देणारी अतिकाळजी, यांचीही नोंद केली. १९७२ च्या अभ्यासात अशा तापलेल्या घरांत परतलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. इतर घरांत हेच प्रमाण १६ टक्के होतं.

हे वाचताना मी मनातल्या मनात स्वतःचे टोमणे मोजायला लागलो. एका सकाळचेच हाताची बोटं ओलांडून गेले. आणि आई? ती पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला भाकरी कुस्करून देत होती.

तरीही आपल्याकडचं कुटुंब हे नुसतं ओझं नाही. चंदीगडमध्ये डॉ. विग आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने केलेल्या व १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या नातेवाइकांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहू दिलं. घरच्यांना फाटकाबाहेर ठेवण्याच्या त्या काळात हे धाडसच होतं.

आम्ही तिघं आत बसलो. समुपदेशिकांनी कुणाचीही चूक काढली नाही. भावाला विचारलं, घरात काय जड जातं? बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "दादा चहा देतो. पण देताना विचारतो, आज तरी आंघोळ करणार का?" माझ्या लेखी ती काळजी होती. आंघोळ टाळणं हा आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. ठरलं ते इतकंच: आंघोळीचा विषय दिवसातून एकदाच, तोही आईने काढायचा, भाकरी त्याची त्याने कुस्करायची, आणि मी आठवड्यातली एक संध्याकाळ घराबाहेर घालवायची.

ती संध्याकाळ मी काळजीवाहकांच्या गटाला दिली. मराठीतल्या अशा गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही हा पहिला नियम, म्हणून इतरांचं सांगत नाही. माझं सांगतो. भाऊ रात्री उशिरापर्यंत परतला नाही, की काळजी वाटण्याआधी क्षणभर मला सुटल्यासारखं होतं, हे मी तिथे बोललो. असं वाटणारा भाऊ जगात मी एकटाच, अशी माझी खात्री होती. कुणी दचकलं नाही. दोघांनी नुसती मान हलवली.

हे उपचार गोळ्यांऐवजी नाहीत, गोळ्यांच्या जोडीने आहेत. सगळ्यांना सगळंच मानवतं असंही नाही. भ्रम तीव्र असताना गटात बसणं त्रासाचंही ठरतं, ते तज्ज्ञांनीच ठरवावं. आमच्याकडेही आजार पुन्हा उलटणार नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही. पण हल्ली सकाळचा चहा तो करतो. साखर जास्त पडते. मी काही बोलत नाही.