एक किताब, दोन याद्या

२०२३ या एका सालात महाराष्ट्र केसरीची गदा तीनदा उचलली गेली. जानेवारीत कोथरूडला, १० नोव्हेंबरला पुण्याजवळच्या फुलगावला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी आमच्या धाराशिवला. कोथरूडची स्पर्धा ६५वी होती, फुलगावची ६६वी. धाराशिवची मात्र पुन्हा ६५वी. पुढे २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला ६७वी झाली आणि दोन महिन्यांच्या आत कर्जतला ६६वी!

शाळेत असल्यापासून मी महाराष्ट्र केसरींची यादी वहीत ठेवत आलो आहे. साल, गाव, विजेता, जमल्यास हरलेल्याचं नाव. १९६१, औरंगाबाद, दिनकर दह्यारी इथून ती सुरू होते. मधली काही सालं कोरी आहेत, काही नावं लागोपाठ दोनदा-तीनदा येतात. पण एकाच सालासमोर तीन नोंदी करायची वेळ २०२३पर्यंत आली नव्हती. वरचे आकडे ठरवून लावलेले आहेत. राज्यातल्या दोन कुस्ती संघटनांपैकी एकीच्या लेखी दुसरीची स्पर्धा झालेलीच नाही, एवढाच त्यांचा अर्थ. मल्ल दोन्हीकडे तेच, डाव तेच, बक्षीस देणारे हात वेगळे.

आमचं येडशी हे धाराशिव जिल्ह्यातलं चौफुलीचं गाव. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कुर्डुवाडी-लातूर रेल्वेही इथूनच जाते. लातूर भागातली पोरं गादी-सतरंजी घेऊन पुण्या-कोल्हापूरच्या तालमींकडे निघाली की याच वाटेनं जातात. त्यामुळे कुस्तीतल्या घडामोडी इथे पेपरच्या आधी चहाच्या टपरीवर पोचतात. धाराशिवच्या स्पर्धेच्या वेळी टपरीवर एकच प्रश्न होता: ‘खरी कोणती?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी आखाड्यापेक्षा संघटनांच्या कारभारात जास्त गुंतत गेलो.

मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद वाचकांना माहीत आहे. तिचे अनेक वर्षांचे अध्यक्ष शरद पवार आणि सरचिटणीस बाळासाहेब लांडगे, ही जोडीही माहीत आहे. अध्यक्ष देशाच्या राजकारणात, क्रिकेट मंडळात, पुढे आयसीसीत. परिषदेचा गाडा प्रत्यक्षात हाकला तो लांडग्यांनी, तोही कित्येक दशकं. या माणसाबद्दल कुस्तीच्या वर्तुळात दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही खरी वाटतात. अधिवेशन कुठल्या गावाला द्यायचं, पंच कोण, जिल्ह्याचा कोणता तालीम संघ मान्यताप्राप्त, हे सगळं एका टेबलावर ठरत असे. तरीही स्पर्धा पुण्या-मुंबईत अडकून पडली नाही. ती अकलूजला गेली, खामगावला गेली, चाळीसगावला गेली. मातीची कुस्ती मरू न देता गादीचीही लावायची आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांची शेवटची लढत घ्यायची, ही घडी टिकली. खेडोपाडी फिरणारी राज्य अजिंक्यपद स्पर्धा इतकी वर्षं चालवायला चिवटपणा लागतो, आणि तो लांडग्यांकडे होता.

दोष होता तो दुसरीकडे. मतदान जिल्हा संघांचं, आणि जिल्हा संघांची मान्यता टेबलाच्या हाती. ज्याच्या मानेवर आणि गुडघ्यांवर हा खेळ उभा आहे, त्या पैलवानाला मत नाही. अशी व्यवस्था वरून कुणी धक्का देईपर्यंत हलत नाही, आणि धक्का बसला की पडझडीखाली पैलवानच सापडतो.

तो धक्का ३० जून २०२२ला बसला. ब्रिजभूषण शरण सिंह यांच्या भारतीय कुस्ती महासंघानं परिषद बरखास्त केली. सोपवलेल्या स्पर्धा नीट घेतल्या नाहीत, महासंघाला जुमानलं नाही, असे ठपके होते. ते सगळेच खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रातलं सरकार नेमकं त्याच दिवशी बदललं आणि पुढे नव्या ‘महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघा’च्या अध्यक्षपदी भाजपचे तेव्हाचे खासदार रामदास तडस आले, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. तडस स्वतः पैलवान, विदर्भातले नावाजलेले. त्यांची कुस्तीशी नाळ खरी आहे. परिषदेनं उच्च न्यायालय गाठलं आणि तिथून राज्यात दोन घरं झाली.

दोन घरांचा पहिला हंगाम म्हणजे कोथरूड. पुण्यातले भाजप नेते मुरलीधर मोहोळ यांनी भरवलेली ती स्पर्धा थाटात झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि त्यावरून महिनाभर वाद पेटला. १४ जानेवारीला शिवराज राक्षेनं गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. त्या दिवशी ब्रिजभूषण पाहुणे म्हणून हजर होते, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, सत्कार झाले. चारच दिवसांनी, १८ जानेवारीला, विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले.

त्यांनी केलेले लैंगिक छळाचे आरोप ब्रिजभूषण यांनी नाकारले. अल्पवयीन कुस्तीगीराच्या तक्रारीचं प्रकरण मे २०२५ मध्ये न्यायालयानं बंद केलं. इतर महिला कुस्तीगीरांच्या तक्रारींवर त्याआधी वर्षभर आरोपनिश्चिती झाली होती. खटल्याचं खटल्यापाशी. मला खुपतं ते वेगळंच. देशाला ऑलिंपिक पदक मिळवून दिलेल्या मुलीला आपली तक्रार नेण्यासाठी महासंघात एकही दार नव्हतं. तिला फुटपाथवर बसावं लागलं.

ब्रिजभूषण यांचा हात पाठीवर असला की काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २०१६ साली सुशीलकुमारनं ७४ किलो गटासाठी चाचणी मागितली तेव्हा महासंघ नरसिंग यादवच्या बाजूनं ठाम उभा राहिला. नरसिंग २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. ऑलिंपिकची जागा त्यानंच मिळवून आणली होती. दिल्ली उच्च न्यायालयातही महासंघाचाच निर्णय टिकला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात क्रीडा लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली, तो भाग निराळा. मल्लाचं भवितव्य अध्यक्षाच्या मर्जीवर टांगलेलं असेल, तर मर्जी अनुकूल असतानाही ती व्यवस्था वाईटच, असं माझं मत आहे.

आता धाराशिव. १९६९ साली लातूरला महाराष्ट्र केसरी झाली आणि हरिश्चंद्र बिराजदारांनी ती जिंकली. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. म्हणजे १९६९ची ती स्पर्धा तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातच झाली होती! बिराजदार मूळ निलंगा तालुक्यातले, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं याच जिल्ह्याचे. पुढे ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातलेच काका पवार घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले आणि त्यांनी कात्रजला कुस्ती संकुल काढलं. २० नोव्हेंबर २०२३च्या रात्री धाराशिवला अंतिम लढतीत समोरासमोर आले ते शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. बिराजदारांनी ज्या जिल्ह्यात गदा उचलली, तिथेच चौपन्न वर्षांनी त्यांच्या तालमीच्या परंपरेतले दोन मल्ल त्याच किताबासाठी भिडत होते. राक्षे जिंकला. हाच राक्षे दहा दिवस आधी फुलगावला सिकंदर शेखकडून झोळी डावावर काही सेकंदांत चितपट झाला होता.

या जिल्ह्याच्या कुस्तीच्या इतिहासात याहून मोलाची रात्र मला सापडत नाही. पण दुसऱ्या घराच्या यादीत ती रात्र नाही. त्या यादीप्रमाणे २०२३च्या शेवटी महाराष्ट्र केसरी होता सिकंदर. परिषदेच्या यादीप्रमाणे राक्षे. आणि राक्षेच्या नावावर कोथरूड धरून दोन किताब की एकच, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर अवलंबून. धाराशिवकरांनी पदरमोड करून, राबून जी स्पर्धा उभी केली, तिचा उल्लेख पुढच्या पिढीला अर्ध्याच कागदांवर सापडेल.

हा केवळ मानाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते मिळतं प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र ग्राह्य धरायचं तर संघटना मान्यताप्राप्त लागते. जिल्हा निवड चाचणीला जाणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं कोणत्या संघाच्या चाचणीला जायचं? खुराकासाठी बापानं म्हैस विकलेली असते. पोराला डाव शिकवणारा वस्ताद आहे, पण कोणता शिक्का चालेल ते सांगणारं कुणी नाही.

२०२५नं यात भर घातली. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या लढतीत आपली पाठ टेकलीच नव्हती, असं राक्षेचं म्हणणं होतं; रागाच्या भरात त्यानं पंचांना लाथ मारली. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. मोहोळविरुद्धची अंतिम लढत अर्धवट सोडून गायकवाड निघून गेला आणि मोहोळ विजेता ठरला. संघानं दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. पण पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची, चित्रफीत पुन्हा तपासून घ्यायची सोय तिथल्या तिथे विश्वासाची असती, तर प्रकरण लाथेपर्यंत गेलं असतं का? बंदीचा कागद तातडीनं निघतो, पंचांच्या चुकीचा कागद निघताना मी पाहिलेला नाही. मार्चमध्ये कर्जतला रोहित पवारांच्या पुढाकारानं परिषदेची स्पर्धा झाली, वेताळ शेळके जिंकला. एका बाजूच्या मांडवात भाजप आणि मित्रपक्ष, दुसऱ्या बाजूच्या मांडवात पवार. पैलवानानं कोणत्या आखाड्यात उतरायचं हे आता मतदारसंघाच्या नकाशावरून समजू लागलं आहे.

संघटनेचा प्रमुख खेळाचं भलं करू शकतो का? कुस्तीतच त्याचं मोठं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२०पासून कुस्ती वगळायची शिफारस केली. जागतिक संघटनेचे अध्यक्ष राफाएल मार्टिनेटी यांना पायउतार व्हावं लागलं आणि सर्बियाचे नेनाद लालोविच आले. त्यांनी काही महिन्यांत नियम बदलले. प्रेक्षकाला न कळणाऱ्या छोट्या डावांऐवजी तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि सलग गुण आणले, महिलांचे वजनगट वाढवण्याचं ठरवलं, कारभारात खेळाडू घेतले. सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला कुस्ती पुन्हा ऑलिंपिकमध्ये आली. याच लालोविच यांच्या संघटनेनं ऑगस्ट २०२३ मध्ये वेळेत निवडणूक न घेतल्याबद्दल भारतीय महासंघाला निलंबित केलं आणि आपल्या मल्लांना जागतिक स्पर्धेत तिरंग्याविना उतरावं लागलं.

इतकं लांबही जायला नको. धाराशिवच्याच खो-खोकडे पाहा. सारिका काळेनं घरच्या ओढगस्तीमुळे खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिला मैदानावर परत आणलं ते प्रशिक्षक चंद्रजित जाधवांनी. ती २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार झाली, २०२० साली अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. जाधव नुसते प्रशिक्षक नव्हते, राज्य संघटनेचे सचिवही होते. म्हणजे सत्ता इथेही एका माणसाच्या हाती होती. पण तो माणूस रोज संध्याकाळी मैदानावर असे आणि कोणत्या मुलीच्या घरी चूल पेटली नाही हे त्याला ठाऊक असे. २०२५च्या जानेवारीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकलेल्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. खो-खोतही राजकारण आहे, राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष सुधांशु मित्तल भाजपचेच नेते आहेत. पण खो-खोच्या मुलीला आपण कोणत्या राज्य अजिंक्यपदाच्या विजेत्या, असा प्रश्न पडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला, खेळाडूंची स्वतंत्र समिती आणि वाद सोडवायला क्रीडा लवाद, या त्यातल्या मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी. वर दिल्लीत त्या येतील. जिल्हा तालीम संघापर्यंत त्या पोचल्या तरच आमच्याकडच्या पोराला उपयोग.

तोवर परिषद आणि संघ, दोघांकडे एक मागणं आहे. कोर्टातला दावा चालू द्या, अध्यक्ष कोण ते ठरायचं तेव्हा ठरो. पण एकत्र बसून १९६१पासूनची महाराष्ट्र केसरींची एकच यादी छापा. २०२३समोर तिन्ही नोंदी करा: कोथरूड, राक्षे; फुलगाव, सिकंदर; धाराशिव, राक्षे. २०२५समोर मोहोळ आणि शेळके दोघांची नावं घाला. आणि या सर्व स्पर्धांत उतरलेल्या प्रत्येक मल्लाचं प्रमाणपत्र नोकरीसाठी ग्राह्य आहे, असं दोघांच्या सहीचं पत्र क्रीडा खात्याला द्या.