महोगनी : एका इंग्रजी शब्दाचा युरोपातील प्रसार

महोगनी हा शब्द मुळात स्पॅनिश असावा, किंवा स्पॅनिश दर्यावर्दींनी तो वेस्ट इंडीजच्या मूळ रहिवाशांकडून उचलून युरोपात नेला असावा, असा समज सर्रास आढळतो, आणि महोगनीची जंगले प्रथम स्पॅनिश अमलाखाली आली असल्यामुळे तो वरवर पटतोही. वस्तुस्थिती अशी की, स्पॅनिश लोक या लाकडाला ‘काओबा’ म्हणतात व तो शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो भाषेतून आलेला आहे. ‘महोगनी’ची ज्ञात असलेली पहिली छापील नोंद इंग्रजीतली असून ती १६७१ साली लंडनमध्ये निघालेल्या जॉन ओगिल्बी यांच्या ‘अमेरिका’ या ग्रंथात, जमैकातील लाकडांच्या संदर्भात आढळते. जमैका १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जिंकून घेतलेले होते.

मग इंग्रजांना तो मिळाला कोठून? गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा भाषकांनी तो आफ्रिकेतून आणला, असे काही जण ठामपणे सांगतात, कारण पश्चिम आफ्रिकेतील खाया हा वृक्ष याच कुळातला आहे आणि त्याच्या योरुबा नावाशी या शब्दाचे ध्वनिसाम्य दाखवता येते. परंतु व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या मुळाचा शोध, केवळ ध्वनिसाम्यावर उभी राहत नाही. तिला मधल्या काळातील लेखी दुवे लागतात आणि ते येथे नाहीत. माया भाषेतून तो आल्याच्या मताचीही तीच गत आहे. त्यामुळे काटेकोर कोश ‘मूळ अनिश्चित’ एवढेच नोंदवतात, ते योग्यच होय.

इंग्रजी फर्निचरच्या लौकिकामुळे शब्द पसरला, हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे. ब्रिटनने १७२१ च्या कायद्याने अमेरिकेतील आपल्या वसाहतींच्या लाकडावरील आयातशुल्क उठवले, तेव्हा जमैकाचे हे लाकूड लंडनच्या सुतारांना मुबलक मिळू लागले, आणि टॉमस चिपेंडेल यांचा नमुनाग्रंथ १७५४ मध्ये निघाला तोपर्यंत त्याने अक्रोडाची जागा बऱ्याच अंशी घेतलेली होती. मात्र शब्दाला दुसरी वाट वनस्पतिशास्त्राने दिली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५९ मध्ये हा वृक्ष ‘सेड्रेला महागोनी’ म्हणून नोंदवला. पुढच्याच वर्षी जॅक्विन यांनी व्हिएन्नाच्या दरबारातील वैद्य फान स्वीटेन यांच्या गौरवार्थ त्याला ‘स्वीटेनिया’ या नव्या प्रजातीत घातले, परंतु नावाचा दुसरा भाग कायम ठेवला. जर्मन ‘महागोनी’ या लॅटिन रूपाशी अक्षरशः जुळतो, तर डॅनिश ‘महोग्नी’ इंग्रजी लेखनातला ‘ओ’ जपतो. डच ‘महोनी’, पोलिश ‘महोन्य’, इटालियन ‘मोगानो’ ही याच शब्दाची झिजलेली रूपे होत; पोर्तुगीज ‘मोग्नु’ही त्यांतलेच, आणि ब्राझीलच्या जंगलांत महोगनी वाढत असताना पोर्तुगीजांनी त्याचे नाव इंग्रजीतून घ्यावे, हे खरोखर नवलाचे.

सगळ्या युरोपने हा शब्द स्वीकारला, असे मात्र नव्हे. स्पेनला त्याची गरजच नव्हती. रशियनमध्ये ‘तांबडे लाकूड’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. फ्रेंचांनी ‘आकाजू’ पत्करला. हा ‘आकाजू’ ब्राझीलच्या तूपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला असून तेथे तो काजूच्या झाडाचा वाचक होता. पोर्तुगीजांनी तेच झाड गोव्यात आणले आणि कोकणी-मराठीतला ‘काजू’ त्याच शब्दापासून झाला. म्हणजे फ्रेंच महोगनी आणि गोव्याचा काजू ही नावाने सख्खी भावंडे असली, तरी काजू आंब्याच्या कुळातला आणि महोगनी कडुनिंबाच्या कुळातली.

‘महोनिया’ या बागेतल्या काटेरी पानांच्या झुडपाचे नावही महोगनीवरून पडले असे डच शब्दामुळे वाटू शकते. पण ते १८१८ मध्ये फिलाडेल्फियाचे उद्यानतज्ज्ञ बर्नार्ड मॅकमहॉन यांच्या आडनावावरून दिले गेले आणि त्याचा महोगनीशी काडीचाही संबंध नाही.