शिवलेले जहाज : नौकापुरातत्त्व आणि आपली मुले

रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की जंजिरा, कुलाबा, खांदेरी-उंदेरी ही नावे प्रथम आठवतात. परंतु हे जलदुर्ग उभे राहण्यापूर्वी हजार-दीड हजार वर्षे हा किनारा जगाला परिचित होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आपले चौल ‘सेमुल्ला’ या नावाने आढळते. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांची नोंद आहे. राजपुरी खाडीच्या अंगाला कुडा येथे 26 बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्याबरोबरच लोखंडाचा व्यापारी, माळी, वैद्य आणि सार्थवाह यांच्या कुटुंबांची दाने कोरलेली आहेत. लेणी बांधणारे धन मोठ्या प्रमाणात व्यापाराचे होते आणि त्या व्यापाराचा एक पाय समुद्रात होता. हा जलमार्ग आपल्या चळवळीलाही परका नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनेच दासगाव बंदरात उतरले होते.

ज्या जहाजांनी हा व्यापार केला ती होती तरी कशी? या प्रश्नाचा शोध घेणाऱ्या विद्याशाखेस नौकापुरातत्त्व म्हणतात. आपल्याकडे हा शोध विशेष कठीण आहे. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे जीव बुडालेल्या जहाजाचा फडशा पाडतात. मागे उरतात ते दगडी नांगर, खापरे आणि धातूच्या वस्तू. म्हणून अभ्यासकाला सातवाहनांच्या जहाजांकित नाण्यांकडे, शिल्पचित्रांकडे, पाली-संस्कृत ग्रंथांकडे आणि आजही होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे वळावे लागते.

या साधनांत अजिंठ्याचे स्थान मोठे आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. ते चित्र पूर्णाच्या कथेतील आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. तो धनिक व्यापाऱ्याचा, परंतु दासीच्या पोटी जन्मलेला पुत्र. पित्याच्या मृत्यूनंतर वाटणीच्या वेळी भावांनी त्याला वारस मानले नाही. दासीपुत्र म्हणून मालमत्तेतच मोजले. तोच पूर्ण पुढे वारंवार महासागर ओलांडणारा व्यापारी झाला. सहप्रवासी व्यापाऱ्यांच्या मुखातून बुद्धवचन ऐकून तो भिक्खू झाला आणि वादळात सापडलेल्या भावाचे जहाज त्यानेच वाचविले. कथा म्हणून तिच्यात चमत्कार आहेत. इतिहासाचा विद्यार्थी ते बाजूला ठेवतो. मात्र ज्याला घराने हक्क नाकारला त्याला समुद्राने कर्तृत्व दिले, असे तत्कालीन समाजाला सांगावेसे वाटले, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून अलीकडे एक जहाज प्रत्यक्ष बांधले गेले. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कामास आरंभ झाला. जहाजाचा आराखडा कोठेच उपलब्ध नव्हता. होते ते केवळ चित्र. चित्रकार प्रमाण पाळतोच असे नाही. म्हणून चित्रातील आकारावरून आराखडा बेतून त्याच्या प्रतिकृतीची जलचाचणी मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने घेण्यात आली. प्रत्यक्ष बांधणी केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली झाली. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवल्या आणि सांधे नारळाच्या तंतूंनी व नैसर्गिक राळेने बुजविले. अशी शिवण लाटेच्या माऱ्यात किंचित लवते, हे तिचे बळ. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने हे जहाज नौदलात दाखल झाले. डिसेंबर 2025 च्या अखेरीस ते पोरबंदरहून निघाले आणि शिडांच्या बळावर जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अभियंत्यांपाशी गणित होते. परंतु फळी कशी शिवावी हे कारागिराच्या हातांना ठाऊक होते. आपल्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला ग्रंथापासून दूर ठेवले आणि ग्रंथ वाचणाऱ्याने हाताच्या कामाला हीन लेखले. समुद्रप्रवासही धर्मशास्त्राने निषिद्ध ठरविला. त्यामुळे ज्यांनी जहाजे बांधली त्यांचे ज्ञान लिहिले गेले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांना जहाजे बांधता येत नव्हती. नौकापुरातत्त्व ही दरी बुजविते. अमेरिकेतील रिचर्ड स्टेफी हे व्यवसायाने इलेक्ट्रिशियन होते. जहाजांच्या लहान प्रतिकृती करण्याच्या छंदातून ते सायप्रसजवळ सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील किरेनिया जहाजाच्या पुनर्बांधणीपर्यंत पोहोचले आणि पुढे टेक्सासच्या विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापक झाले. पदवीच्या आधी त्यांच्यापाशी लाकूड ओळखणारे हात होते.

भारतात या विषयाचा पाया डॉ. एस. आर. राव यांनी घातला. लोथलचे उत्खनन करणाऱ्या या संशोधकाच्या पुढाकाराने 1981 पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे कार्य सुरू झाले. द्वारका परिसरातील संशोधन हे त्याचेच फलित. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही जलांतर्गत विभाग आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी आपल्या चौल येथे उत्खनन केले आहे. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने इतिहास वा विज्ञान कोणत्याही शाखेतून पदवी घ्यावी, पुरातत्त्वात एम.ए. करावे आणि जोडीला ब्राह्मी लिपी, पाली किंवा नौकास्थापत्य यांपैकी एकात प्रावीण्य मिळवावे. पाण्याखाली काम करायचे तर पोहणे व पाणबुडीचे प्रशिक्षणही हवे.

पाली आणि ब्राह्मी हा आपला वारसा आहे, असे आपण सभांमधून सांगतो. तो वारसा वाचू शकणारी मुले निर्माण करणे हे त्यापुढचे काम आहे. पालकांनी डॉक्टर-इंजिनिअर यांच्या यादीत ‘पुरातत्त्वज्ञ’ हा शब्दही लिहावा. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या सुट्टीत शाळेतील मुलांना कुडा लेणी दाखवावीत, आणि परतताना खाडीकाठी जेथे होडी बांधली जात असेल तेथे थांबून त्या कारागिराला प्रश्न विचारू द्यावेत. लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. ज्यांच्या हातांत हे ज्ञान आहे ते आता वृद्ध होत चालले आहेत. त्यांचे ज्ञान लिहून ठेवणारा विद्यार्थी आपल्या शाळेतून घडला, तर या किनाऱ्याच्या इतिहासात त्याच्या श्रमकऱ्यांची नावेही नोंदली जातील.